शाळकरी मुलें आणि मेंदूच्या लहरी

मुलाचें लक्ष पुस्तकांत आहे कीं नाहीं, हें ओळखण्याच्या युक्त्या आपल्या घरांत फार जुन्या आहेत. पुस्तक उघडें आहे, ओठही हलत आहेत, परंतु अर्धी घटका झाली तरी पान उलटलेलें नाहीं, एवढ्यावरून आजोबांस कळतें कीं स्वारी मनानें केव्हांच अंगणांत जाऊन पोंचली आहे. आई स्वयंपाकघरांतून सहज एखादा प्रश्न विचारते आणि उत्तर किती उशिरां येतें यावरून तोच निर्णय करते. हीं सारीं अनुमानें होत. मन कोणीं डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं. बाहेर दिसणाऱ्या खुणांवरूनच आपण तें जाणत आलों आहों. आतां मात्र अशीं यंत्रें निघालीं आहेत कीं तीं पट्ट्याप्रमाणें कपाळास बांधावीं, आणि मेंदूंत उठणाऱ्या विजेच्या सूक्ष्म लहरी समोरच्या पडद्यावर उमटाव्या. पूर्वीं हें काम मोठ्या रुग्णालयांतच होत असे. आज तीं यंत्रें शाळेच्या दप्तरांत मावतात. आणि परदेशांतील कांहीं शाळांतून पंधरा-सोळा वर्षांचीं मुलें तीं हातीं घेऊन आपले प्रश्न आपणच सोडवूं लागलीं आहेत.

हा विषय आमच्या वाचकांच्या घरांत आज ना उद्यां येणारच. तो दोन रूपांनीं येऊं शकतो. विद्यार्थ्याच्या हातांतील शोधाचें साधन हें त्याचें एक रूप. विद्यार्थ्याच्या डोक्यावर बसविलेला पहारेकरी हें दुसरें. यंत्र तेंच, लहरीही त्याच. परंतु एकांत मूल प्रश्न विचारतें आणि दुसऱ्यांत मुलाची झडती होते. हा भेद घरांतील वडील माणसांस नीट कळावा, म्हणून या विद्येची थोडक्यांत हकीकत येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विद्येचा उगम

मेंदूंत वीज खेळते हें प्रथम जनावरांत आढळलें. १८७५ सालीं इंग्लंडांतील लिव्हरपूल येथील डॉक्टर रिचर्ड केटन यांनीं ससे व माकडें यांच्या उघड्या मेंदूवर तारा टेकवून तेथें क्षीण विद्युत्प्रवाह वाहत असल्याचें प्रसिद्ध केलें. माणसाची कवटी न उघडतां बाहेरूनच ती वीज टिपण्यास आणखी अर्धें शतक लागलें. तें यश जर्मनींतील येना येथील मनोरोगतज्ज्ञ हान्स बर्गर यांचें.

बर्गर यांच्या शोधाचें मूळ मोठें चमत्कारिक आहे. तरुणपणीं सैन्यांत नोकरी करीत असतां ते घोड्यावरून पडले आणि तोफेच्या गाड्याखालीं सांपडतां सांपडतां थोडक्यांत बचावले. त्याच दिवशीं सायंकाळीं घरून वडिलांची तार आली. त्यांच्या बहिणीस भाऊ संकटांत असल्याचें अकस्मात् वाटूं लागलें व तिनें आग्रह धरून ती तार पाठवावयास लाविली होती. एका मनांतील भय दुसऱ्या मनास दुरून कसें कळलें, या एका प्रश्नानें बर्गर यांस झपाटलें आणि मनाच्या शक्तीचें कांहीं भौतिक माप सांपडेल काय, याचा शोध त्यांनीं जन्मभर चालविला. १९२४ सालीं त्यांस मनुष्याच्या मेंदूचा पहिला विद्युल्लेख मिळाला. त्यांनीं तो लागलाच प्रसिद्ध केला नाहीं. हा खरोखर मेंदूचाच लेख आहे, कीं नाडीचा, स्नायूंचा, अथवा यंत्राच्याच दोषाचा, हें पारखण्यांत त्यांनीं पांच वर्षें घालविलीं. स्वतःचा मुलगा क्लाउस याच्याही डोक्यावर त्यांनीं पुष्कळ प्रयोग केले. अखेर १९२९ सालीं त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या मनुष्याच्या मेंदूंत दर सेकंदास सुमारें दहा अशा एकसारख्या लहरी उठतात, आणि डोळे उघडतांच अथवा मन एखाद्या कामास लागतांच त्या मावळतात, असें बर्गर यांस दिसलें. या लहरींस त्यांनीं 'अल्फा' हें नांव दिलें. प्रारंभीं पंडितांनीं फारसा विश्वास ठेविला नाहीं. तथापि १९३४ सालीं केंब्रिज येथील एड्रियन व मॅथ्यूज यांनीं तेच प्रयोग पुन्हां करून पाहिले. एड्रियन यांस दोनच वर्षांपूर्वीं नोबेल पारितोषिक मिळालेलें होतें. तरी यंत्रापुढें डोळे मिटून बसण्यास त्यांनीं स्वतःचेंच डोकें पुढें केलें! त्यांच्या लहरी ठळक उमटल्या, मॅथ्यूज यांच्या मात्र तितक्या ठळक उमटल्या नाहींत. माणसामाणसांत हा भेद असतोच, हा धडा त्या पहिल्याच परीक्षेंत मिळाला. बर्गर ज्याच्या शोधास निघाले होते तें मनाचें दूरवर्ती सामर्थ्य त्यांस सांपडलें नाहीं. जें सांपडलें त्यावर मात्र अपस्मारासारख्या रोगांची चिकित्सा आज जगभर चालली आहे.

लहरी म्हणजे काय?

मनुष्याच्या मेंदूंत सुमारें ८,६०० कोटि मज्जापेशी आहेत. एक पेशी दुसरीस निरोप देते तेव्हां अतिशय सूक्ष्म विद्युत्-भेद उत्पन्न होतो. एका पेशीचा आवाज बाहेर पोंचणें अशक्य; परंतु मेंदूच्या पृष्ठभागावर एकाच दिशेस उभ्या असलेल्या लक्षावधि पेशी एका वेळीं एकच ताल धरतात, तेव्हां त्यांची बेरीज कवटी व कातडी ओलांडून बाहेर येते. तीही किती? व्होल्टाचे दहा लक्ष भाग करावे आणि त्यांतले दहापासून शंभरपर्यंत घ्यावे, इतकीच. हातांत धरण्याच्या विजेरींतील दीड व्होल्टाचा एक मसाला याच्या निदान पंधरा हजार पट बलवान् असतो.

रात्रीं देवळाबाहेर उभें राहून आंतलें भजन ऐकावें, तसा हा प्रकार आहे. आंत कोण काय म्हणतो, कोणाचा स्वर लागला नाहीं, हें बाहेर कळत नाहीं. पण सर्वांचे टाळ एकदम पडूं लागले म्हणजे ठेका स्पष्ट ऐकूं येतो. भजन संपून जो तो आपापल्या गोष्टींत गुंतला कीं ठेका मोडतो आणि नुसती गजबज कानीं येते. अल्फा लहरी मावळतात त्या कांहींशा याच कारणानें: मेंदूचें काम थांबलें म्हणून नव्हे, तर पेशींचे निरनिराळे समूह निरनिराळ्या कामांस लागले म्हणून.

शास्त्रज्ञांनीं लहरींचे वर्ग पाडले आहेत. सेकंदास चाराहून कमी त्या डेल्टा. गाढ झोंपेंत त्या प्रबल असतात. चार ते आठ त्या थीटा, आठ ते तेरा त्या अल्फा, तेरा ते तीस त्या बीटा, आणि त्यांहून द्रुत त्या गॅमा. हीं नांवें रागांच्या नांवांप्रमाणें पक्कीं नाहींत. सीमा थोड्या पुढेंमागें होतात. अमुक लहर म्हणजे अमुक भावना असा कोश कोणापाशींही नाहीं, ही गोष्ट वाचकांनीं येथेंच ध्यानांत ठेवावी.

यंत्र दप्तरांत कसें आलें

डोक्यावर तारा कोठें लावाव्या याविषयीं प्रथम एकवाक्यता नव्हती. १९५८ सालीं हर्बर्ट जॅस्पर यांनीं नाकाच्या मुळापासून मस्तकाच्या मागील उंचवट्यापर्यंतचें अंतर दहा व वीस टक्क्यांच्या हिशेबानें विभागून स्थानें ठरविलीं. तीच पद्धति आजही चालते. तारेच्या टोकाशीं धातूची चकती असते, तिला विद्युदग्र म्हणतात. चकती व कातडी यांमध्यें ओलावा असला तरच वीज नीट वाहते. म्हणून रुग्णालयांत डोक्यास लेप लावितात, आणि तपासणीस येतांना न्हाऊन यावें, केंसांस तेल लावूं नये, असें बजावितात. ज्या घरांत शनिवारचें अभ्यंग अजून चालू आहे, तेथील मुलांनीं तर हें विशेष लक्षांत ठेविलें पाहिजे!

यंत्र घेऊन माणसाकडे जाण्याची कल्पना पहिल्यानें रंगास आली त्यांत आपल्या देशाचा मोठा संबंध आहे, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. ज्या वर्षीं बर्गर यांस पहिला लेख मिळाला त्याच १९२४ सालीं लोणावळें येथें स्वामी कुवलयानंद यांनीं कैवल्यधामाची स्थापना करून योगक्रियांची शास्त्रीय मापनें करण्यास आरंभ केला. १९५७ सालीं अमेरिकेंतून बागची व वेंगर हे दोन प्राध्यापक वाहून नेतां येण्याजोगें मेंदूलेखनाचें यंत्र घेऊन आपल्या देशांत आले व योग्यांच्या शोधांत ठिकठिकाणीं फिरले. पुढें १९६१ सालीं दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील आनंद, छीना व बलदेव सिंह यांनीं समाधि लावणाऱ्या योग्यांच्या मस्तकांचे लेख प्रसिद्ध केले. तेजस्वी दिवा, मोठा आवाज, तापलेल्या कांचेचा स्पर्श यांनीं सामान्य स्थितींत त्यांच्या अल्फा लहरी मोडत. समाधींत त्याच उपद्रवांनीं त्या मोडल्या नाहींत. परीक्षिलेल्या योग्यांची संख्या अगदीं थोडी होती, तेव्हां यावरून मोठे सिद्धांत काढणें योग्य नव्हे. तथापि पतंजलींनीं ज्या चित्तवृत्तींच्या निरोधाची चर्चा केली, तिची बाहेरून दिसणारी एखादी खूण मोजतां येते काय, हा प्रश्न आमच्या देशांत साठ वर्षांपूर्वींच गंभीरपणें विचारला गेला होता.

या शतकाच्या आरंभानंतर यंत्रें झपाट्यानें लहान झालीं. विजेचे अतिसूक्ष्म भेद वाढविणारें सर्व यंत्रजाल एका नखाएवढ्या तुकड्यांत मावूं लागलें आणि तारांऐवजीं बिनतारी लहरींनीं लेख संगणकाकडे जाऊं लागला. एमोटिव्ह कंपनीच्या एपॉक या यंत्रांत १४ विद्युदग्रें असून मिठाच्या पाण्यांत भिजविलेल्या लहान गाद्या त्यांस लावितात. म्यूज नांवाच्या कपाळपट्टींत तीं चारच आहेत. अमेरिकेंतील ओपन बी. सी. आय. या मंडळींनीं तर आपल्या यंत्राचे नकाशेच सर्वांस खुले केले, म्हणजे ज्याला समजतील त्यानें ते वाचावे व सुधारावे. साधें यंत्र आज एखाद्या मोबाईलच्या किंमतींत मिळतें. शाळेस ही गोष्ट आवांक्याबाहेरची राहिली नाहीं.

न्यूयॉर्कचा एक वर्ग

न्यूयॉर्क विद्यापीठांतील सुझान डिकर, डेव्हिड पोपल, इडो डेव्हिडेस्को प्रभृति संशोधकांनीं त्या शहरांतील एका माध्यमिक शाळेच्या जीवशास्त्राच्या वर्गांत जो प्रयोग केला तो २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. वर्गांत विद्यार्थी १२. एका सत्रांत ११ दिवस या बाराही जणांनीं डोक्यावर यंत्रें चढवून नेहमींचा पाठ घेतला. शिक्षक कधीं मोठ्यानें वाचून दाखवीत, कधीं व्याख्यान देत, कधीं चित्रफीत दाखवीत, कधीं चर्चा घडवून आणीत. एकेका विद्यार्थ्याच्या लहरी कशा आहेत एवढेंच न पाहतां, बारा जणांच्या लहरी एकमेकींशीं कितपत जुळतात हें संशोधकांनीं पाहिलें. चित्रफीत व चर्चा या वेळीं मेळ अधिक. वाचन व व्याख्यान या वेळीं कमी. ज्याला पाठांत गोडी वाटली त्याचा इतरांशीं मेळही अधिक. पाठापूर्वीं ज्या दोघांनीं थोडा वेळ एकमेकांच्या नजरेस नजर देऊन घालविला होता, त्यांच्या लहरी पाठांतही अधिक जुळल्या.

व्याख्यानें देण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्यांनीं हें वाचून खट्टू होऊं नये. त्याच मंडळींनीं पुढें १२ विद्यार्थी व त्यांचे शिक्षक यांचे एकत्र लेख घेतले, आणि प्रत्येक पाठानंतर लहानशी परीक्षा घेतली. हा निबंध २०१९ चा. त्यांत असें आढळलें कीं पाठ किती लक्षांत राहिला याचा संबंध मेंदूंच्या मेळाशीं लागला नाहीं. तो विद्यार्थ्यास शिक्षकाविषयीं किती आपलेपणा वाटतो याच्याशीं लागला. शिक्षकाविषयींचा स्नेह ही गोष्ट मुलांस साधा प्रश्न विचारून कळली. तिच्यासाठीं यंत्र लागलें नाहीं. दोन्ही प्रयोग अवघ्या बारा-बारा मुलांवरचे आहेत, म्हणून हे शेवटचे शब्द नव्हेत. परंतु चौदा विद्युदग्रांनीं जें सांगितलें नाहीं तें एका सरळ प्रश्नानें सांगितलें, ही गोष्ट आम्हांस फार बोधप्रद वाटते.

आमच्या मतें या प्रयोगाचा खरा गौरव त्याच्या निष्कर्षांत नाहीं. तीं बारा मुलें केवळ तपासलीं जाणारीं नव्हतीं. त्यांस प्रथम मेंदूचें शास्त्र शिकविलें गेलें, मग त्यांनीं स्वतःचे लेख देऊन पाहिले, आणि अखेर स्वतःचे प्रश्न घेऊन स्वतंत्र संशोधन केलें. यांतूनच त्या विद्यापीठानें शहरांतील शाळांकरितां 'ब्रेनवेव्हज्' नांवाचा अभ्यासक्रम तयार केला. त्यांत माध्यमिक शाळेंतील मुलें प्रश्न निवडतात, प्रयोगाची आंखणी करतात, सोबत्यांचे लेख घेतात, आंकडे पारखतात आणि आपलें म्हणणें चार जाणत्यांपुढें मांडतात.

धूर कीं धुकें?

हें ऐकून कोणी म्हणेल कीं पोरांच्या हातांत यंत्र दिलें म्हणजे का शास्त्र झालें? शंका योग्य आहे. मेंदूच्या लहरी इतक्या क्षीण असतात कीं त्यांच्या वेषांत भलतेच पाहुणे सहज आंत शिरतात. डोळ्याची पापणी लवली कीं मेंदूच्या लहरीहून कित्येक पट मोठा उंचवटा उमटतो. दांत आवळले, भुवई उचलली, मान वळविली, कीं स्नायूंची वीज सर्व लेख व्यापून टाकते. भिंतींतील तारांची वीज आपल्या देशांत सेकंदास ५० वेळां व अमेरिकेंत ६० वेळां कंप पावते. तीही त्यांत मिसळते. कॅनडांतील एका डॉक्टरांनीं १९७० नंतरच्या दशकांत रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत जेलीच्या गोळ्याला तारा लावून पाहिल्या, तों आसपासच्या यंत्रांच्या कंपांमुळें जेलीच्याही लहरी जिवंत मेंदूसारख्या उमटल्या! उमटलेली प्रत्येक रेघ मेंदूचीच मानली तर कसा अनर्थ होईल, हें दाखविण्यासाठींच त्यांनीं हा खटाटोप केला होता.

ज्यांनीं तर्कसंग्रहाची चार पानें वाचलीं आहेत त्यांस हा प्रकार ओळखीचा वाटेल. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि असल्याचें अनुमान होतें. परंतु तो धूर आहे, धुकें किंवा धूळ नव्हे, याची खात्री आधीं पाहिजे. पापणीचा उंचवटा हें धुकें होय. दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. धुरावरून अग्नि सिद्ध होतो, परंतु अग्नीवरून धूर सिद्ध होत नाहीं. सरपण ओलें असलें तरच धूर होतो. तद्वत् डोळे मिटून स्वस्थ बसल्यानें अल्फा लहरी वाढतात, हें बहुतेक लोकांत खरें. म्हणून अल्फा वाढल्या कीं मन शांत झालेंच, हें खरें नव्हे. मनुष्य पेंगुळण्याच्या बेतांत असेल, किंवा नुसता शून्यपणें बसला असेल. असा हेतु सव्यभिचार होय. बाजारांतील अनेक यंत्रें 'एकाग्रता इतके टक्के, शांति इतके टक्के' असे आंकडे दाखवितात, ते या दोषापासून क्वचितच मुक्त असतात.

तिसरा दोष आंकड्यांचा. १४ विद्युदग्रें आणि लहरींचे ५ वर्ग म्हणजे ७० तुलना झाल्या. विसांत एकदां केवळ योगायोगानें घडेल इतका फरक मिळाला कीं तो खरा मानावा, अशी कसोटी ठेविली, तर कांहींही खरा फरक नसतां तीन-चार ठिकाणीं 'शोध' लागेल. मुलगा तेवढेच तीन-चार सांगेल व उरलेले गाळील, तर तो खोटें न बोलतांही असत्य सांगेल. म्हणून जाणते शिक्षक एक नियम घालून देतात: यंत्र डोक्यास लावण्यापूर्वीं, आपण काय पाहणार, कोठें पाहणार आणि काय मिळेल असें वाटतें, हें वहींत लिहून तारीख घालावी. हा एक नियम अंगीं बाणला तर यंत्राचे पैसे वसूल झाले असें आम्ही समजूं.

एक उदाहरण घेऊं. मनाला ताण पडला, उदाहरणार्थ मनांत आंकडे धरून हिशेब करावा लागला, म्हणजे डोक्याच्या पुढील भागीं थीटा लहरी वाढतात, हें अनेक प्रयोगांत आढळलेलें आहे. मग मुलांनीं असा प्रश्न घ्यावा: पाठ असलेला पाढा मनांत म्हणणें आणि नवा गुणाकार मनांत करणें, यांत हा फरक दिसतो काय? बाराचा पाढा जिभेवर असतो. सदतिसांस चोविसांनीं गुणणें हें मात्र खरें कष्टाचें काम. आतां आंखणी पाहा. दोन्ही वेळां डोळे मिटलेलेच असावे, कारण डोळे उघडण्यानेंच लहरी बदलतात. पाढा मोठ्यानें म्हणूं नये, जबडा सैल असावा, नाहीं तर स्नायूच बोलतील. कोणतें काम आधीं व कोणतें नंतर हें चिठ्ठी टाकून ठरवावें. एरवीं दुसऱ्या वेळचा थकवा गुणाकाराच्या खात्यावर पडेल. एका मित्रावर नव्हे, निदान वीस जणांवर प्रयोग करावा. आंकडे तपासणाऱ्यास कोणता लेख पाढ्याचा व कोणता गुणाकाराचा हें आधीं सांगूं नये. एवढें करून कांहींच फरक दिसला नाहीं, तर 'दिसला नाहीं' असेंच निर्भयपणें लिहावें. घोकंपट्टी आणि समज यांवर आमच्या शाळांतून वाद पुष्कळ झाले. मुलें आपल्याच डोक्यावर तो वाद थोडासा तरी मोजून पाहतील, तर त्यांत वाईट काय?

झडती आणि शोध

आतां दुसरी बाजू. चीन देशांतील झेजियांग प्रांतांत एका प्राथमिक शाळेनें लहान मुलांच्या कपाळांस असेच पट्टे बांधिले. पट्ट्यावरील दिव्याच्या रंगावरून मूल एकाग्र आहे कीं चुकारपणा करीत आहे हें शिक्षकास दिसे, आणि त्याचा अहवाल पालकांकडे जाई. २०१९ सालीं या गोष्टीचा बोभाटा होऊन लोकांनीं संताप व्यक्त केला, तेव्हां तो प्रकार थांबविण्यांत आला. यांत शास्त्र कच्चें होतें हा दोष आहेच. पण तें पक्कें असतें तरी काय? वर्गांत क्षणभर खिडकीबाहेर पाहण्याचा मुलाचा जो हक्क, तोही कोणी टिपून घरीं पाठवावा काय? ज्या मुलानें न्यूयॉर्कच्या वर्गांत आपली लहर पाहिली त्यास कुतूहल मिळालें. ज्यानें हा तांबडा-निळा दिवा कपाळीं बाळगला त्यास भीति मिळाली.

आपल्याकडेही या लहरींवर नको तितका भरंवसा ठेवल्याचें उदाहरण आहे. २००८ सालीं पुण्याच्या एका न्यायालयानें खुनाच्या खटल्यांत शिक्षा देतांना आरोपीच्या मेंदूलेखाचाही आधार घेतला, व त्याची जगभर चर्चा झाली. पुढें २०१० सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं कोणाच्याही इच्छेविरुद्ध त्याच्यावर अशी तपासणी लादतां येणार नाहीं. दक्षिण अमेरिकेंतील चिली देशानें २०२१ सालीं राज्यघटनेंतच मेंदूच्या व्यापारांस व त्यांतून मिळणाऱ्या माहितीस संरक्षण दिलें. आपल्या देशाच्या २०२३ सालच्या वैयक्तिक माहिती-संरक्षणाच्या कायद्यांत १८ वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यास पालकांची संमति आवश्यक ठेविली आहे. आरोपीस जें संरक्षण मिळालें तें शाळेंतील मुलास मिळूं नये, असें कोण म्हणेल?

विद्यार्थ्यांच्या विज्ञानस्पर्धांतूनही हा विवेक पाळला जातो. अमेरिकेंत भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय विज्ञान-मेळाव्याचा नियम आहे कीं माणसांवर प्रयोग करावयाचा तर आधीं परीक्षक-मंडळाची परवानगी मिळविली पाहिजे. मगच प्रयोगास हात घालावयाचा. सोळा वर्षांच्या मुलानें आपल्या मित्रास 'तुझी हरकत नाहीं ना?' असें विचारून त्याची सही घ्यावी, आणि त्यानें मध्येंच नको म्हटलें तर मुकाट्यानें तारा काढाव्या, हें शिक्षण लहरींच्या शिक्षणाहून लहान नव्हे.

घरांतील वडील माणसांस

उद्यां एखाद्या शाळेनें अथवा शिकवणीवर्गानें तुमच्या मुलासाठीं असें यंत्र आणलें, तर चार प्रश्न विचारावे. हा लेख कोण पाहणार, आणि किती दिवस ठेवणार? मुलास 'नाहीं' म्हणतां येईल काय? त्यावरून मुलामुलांची तुलना होणार काय? आणि प्रश्न कोणाचा आहे: मुलाचा, शाळेचा, कीं यंत्र विकणाऱ्याचा? पहिल्या तिहींचीं उत्तरें समाधानकारक असून चौथ्याचें उत्तर 'मुलाचा' असें आलें, तर खुशाल पाठवावें. दुसरें, या यंत्रावरून घरच्या घरीं रोगाचें निदान करूं नये. मुलास झटके येत असतील, तो मध्येंच भान हरपून टक लावून पाहत असेल, तर खेळण्याएवढ्या यंत्रावर न विसंबतां त्यास वैद्याकडेच नेलें पाहिजे. तिसरें, 'ध्यान वाढवा, गुण वाढवा' अशा जाहिरातींवर पैसे खर्च करण्यापूर्वीं वर सांगितलेलें धूर-धुक्याचें प्रकरण पुन्हां एकदां वाचावें.

मुलगा किंवा मुलगी जर आपण होऊन म्हणाली, 'आजी, तुम्ही जप करतांना डोळे मिटतां तेव्हां तुमच्या लहरी कशा असतात तें मी पाहूं का?' तर आजीनें हंसून नाकारूं नये. डोकें तिचें आहे, संमतीही तिचीच. पण प्रश्न नातवंडाचा आहे आणि तो चांगला आहे. जपापूर्वीं पांच मिनिटें नुसते डोळे मिटून बसावें, मग पांच मिनिटें जप करावा, व हेंच आठ दिवस करावें, एवढी अट मात्र नातवंडानें घातली पाहिजे; नाहीं तर पाहिलें तें जपाचें कीं केवळ मिटलेल्या डोळ्यांचें, हें कळणार नाहीं. ही अट आजीनें विचारण्यापूर्वींच त्यास सुचली, तर घरांत एक खरा विद्यार्थी निपजला असें खुशाल समजावें.